काजळीच्या अंगावर काटा

दाजींना माणसांचा कंटाळा होता, आणि धंदा खासगी तपासाचा पत्करला होता, जिथे दारात माणसंच यायची. खोटं बोलणारी, अर्धं बोलणारी आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रडून बोलणारी.

त्या सकाळी आलेल्या बाई रडत नव्हत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "माझ्या सुनेवर लबाडीचा आळ आलाय. आज दुपारी तिला संस्थेतून काढणार आहेत. पदवीही जाणार."

"सुनेची बाजू मांडायला सासू?" दाजी म्हणाले. "मेहुणे, खिडकी उघडा. सूर्य कुठून उगवलाय ते बघू."

मेहुणे खरोखरच उठून खिडकीपाशी गेले. ते दाजींच्या बायकोचे धाकटे भाऊ. बँकेतून निवृत्त झाल्यावर बहिणीने त्यांना कामाला लावलं होतं: "ह्यांच्याबरोबर फिरत जा. फार तोडून बोलतात, कुणीतरी शिवायला हवं." मेहुणे 'दाजी' म्हणत, म्हणून मग सगळं गावच दाजी म्हणू लागलं.

"नेहमीच्याच बाजूला आहे, दाजी," मेहुण्यांनी कळवलं.

"हसा खुशाल," बाई म्हणाल्या. "माझी सून मला तोंडावर बोलते. आमटी खारट झाली तर खारट म्हणते. पाहुण्यांसमोर म्हणते! जी सासूशी गोड खोटं बोलत नाही, ती बाटलीतल्या पुडीसाठी खोटं बोलेल?"

दाजींनी आता कुठे मान वर केली. "असा भक्कम पुरावा मला आजवर वकिलांनीही दिला नाही. कुठे आहे ती?"

"खाली, जिन्यात. वर यायला लाजते."

सून वर आली. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ. तिने बोलायला तोंड उघडलं, तोवर सासूबाईंनी सुरुवात केली होती, "ही बॅटऱ्यांचं करते. गंधकाच्या. पिवळ्या पाण्यात हिची काळी पूड टाकली की पाणी स्वच्छ होतं."

"पाणी नाही आई, द्रावण. पाण्याचा थेंब जरी लागला तरी सगळं बिघडतं."

"बघा. रोज एकदा तरी सुधारते मला."

"पिवळं का असतं?" दाजींनी विचारलं.

"गंधक स्वस्त असतं, हलकं असतं आणि लिथियमच्या जोडीला बसवलं तर वीज भरपूर साठवतं. पण बॅटरी चालू असताना ते अर्धवट बदलतं आणि आतल्या द्रवात विरघळतं. तेच ते पिवळं. विरघळलं की भटकत पलीकडे लिथियमपाशी जातं, आणि बॅटरी खंगत जाते. माझी पूड ह्या भटक्यांना धरते. नुसतं धरून ठेवत नाही, त्यांचा पुढचा बदल झटपट उरकून देते. उत्प्रेरक म्हणतात त्याला."

"लग्न जुळवणाऱ्या मामांसारखं," मेहुणे म्हणाले. "स्वतः लग्न करत नाहीत, पण दुसऱ्यांचं लांबू देत नाहीत."

सुनेला त्या अवस्थेतही हसू आलं. "साधारण तसंच. काल पाहणी समितीसमोर मी पूड बाटलीत टाकली. एरवी चहा निवेपर्यंत पिवळा रंग जातो. काल गेलाच नाही. विभागप्रमुख सर उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, 'ही मुलगी इतकी वर्षं आपल्याला फसवत होती.'"

"पूड बदलली गेली होती?"

"मला तेच वाटलं. माझ्या पुडीत कोबाल्ट आहे. लोखंडाच्या भावकीतला धातू. ती पूड लोहचुंबकाकडे धावते. म्हणून तर मी चुंबकी घुसळणी वापरत नाही, बाटली हातानं हलवते. काल मीच ओरडून म्हटलं, बाटलीला चुंबक लावा. लावला. पूड जागची हलली नाही."

"मग झालं की सिद्ध!" मेहुणे म्हणाले.

"उलटं झालं. सर म्हणाले, 'पाहा, हिने कोबाल्टची पूड कधी केलीच नव्हती. साधा कोळसा दाखवत होती.' माझ्याच चुंबकाने मी अडकले."

"शिल्लक पूड?"

"सगळी एकाच बाटलीत होती. नवी करायला कित्येक महिने भट्टीपाशी बसावं लागतं, आणि प्रयोगशाळेचं दार मला कालपासून बंद आहे." तिने पदराचं नव्हे, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "खरी पूड आज दुपारच्या आत सापडली तर मी वाचेन. नाहीतर जन्मभर माझ्या नावापुढे लबाड लागेल."

"वाकडं कुणाशी?"

"सरांनी माझ्या निबंधावर पहिलं नाव स्वतःचं मागितलं होतं. मी नाही म्हटलं. आणि शेजारच्या खोलीत एक थोरले संशोधक आहेत, सगळे त्यांना कोळसेवाले म्हणतात. त्यांची पूड बिनधातूची, नुसत्या कार्बनची. माझ्यापुढे तिचा टिकाव लागला नाही, तेव्हापासून ते माझ्याशी फार गोड बोलतात."

"गोड बोलतात?" दाजी उठले. "मग आधी त्यांनाच भेटायला हवं. चला मेहुणे, विद्वान माणसं बघायला. तोंडाला रुमाल घ्या."

*

संस्थेच्या फाटकावर पहारेकऱ्याने दोन बिल्ले पुढे केले.

"टाचणी नाही ना?" मेहुण्यांनी काळजीने विचारलं. सदरा नवा होता.

"टाचणी नाही. खिशाच्या आतून हा चुंबक लावायचा, बाहेरून बिल्ला. पडणार नाही, फार जोराचा आहे."

मेहुण्यांनी बिल्ला छातीवर बसवला आणि आरशात पाहावं तसं काचेच्या दारात पाहिलं. दाजींनी आपला बिल्ला न बघता विजारीच्या खिशात कोंबला. "आपण कोण आहोत हे छातीवर लिहून हिंडायची वेळ माझ्यावर अजून आली नाही."

प्रयोगशाळेत मधोमध एक मोठी काचेची पेटी होती. पुढच्या काचेतून दोन लांबलचक रबरी हातमोजे आत लोंबत होते. हवा आणि ओल आत जाऊ नये म्हणून सगळं काम त्या मोज्यांतूनच. पेटी सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे पेटीवाले म्हणत.

"मला वाटलं, भजनात साथ करता की काय," मेहुणे म्हणाले.

"करतो ना," पेटीवाले गंभीरपणे म्हणाले. "पण ती पेटी घरी आहे."

"परवा संध्याकाळी पुडीची बाटली कुठे होती?" दाजींनी विचारलं.

"ह्या खणात. खणाला कुलूप नाही. कुणाला काळ्या पुडीचं काय करायचंय?"

"इथे कोण कोण आलं होतं?"

"कोळसेवाले आले होते, मी वायूची टाकी बदलायला मागे गेलो होतो तेव्हा. नंतर सर आले. सगळं नीट आहे ना बघतो म्हणाले, आणि मला घरी जायला सांगितलं. दोघांकडेही खोलीची किल्ली आहे. मी कुणावर बोट ठेवत नाही. मला माझी पेटी कोरडी ठेवायची, बस."

"काल पूड टाकली तेव्हा काही वेगळं दिसलं?"

पेटीवाल्यांनी विचार केला. "टाकल्याबरोबर बुडाली. भरड, जाडसर. वाळूसारखी तळाशी बसली. बाईंची पूड एवढी जाड नसते. पण काळं ते काळं. मी म्हटलं, आज जरा जाड दळली असेल."

काचेच्या आड ती बाटली अजून होती. पिवळीजर्द, आणि तळाशी काळा थर.

*

कोळसेवाल्यांच्या खोलीत सगळ्यावर काळी भुकटी बसलेली होती. टेबल, पंखा, दिनदर्शिका, खुद्द कोळसेवाले. फक्त त्यांचं हसू पांढरंशुभ्र होतं.

"फार वाईट झालं हो," ते म्हणाले. "पोर हुशार. पण घाई! आजकालच्या मुलांना लगेच यश हवं. मी तिला म्हटलं होतं, ताई, धातूच्या नादी लागू नकोस. कार्बन हा साधू आहे. शांत, निर्लेप."

"निर्लेप?" दाजींनी टेबलावरून बोट फिरवून ते काळं बोट त्यांच्यापुढे धरलं.

कोळसेवाले हसले, जरा कमी. "दुःख झालं मला, खरं सांगतो."

"किती झालं? पेढे वाटण्याइतकं झालं का?"

"तुम्ही भलतंच बोलता."

"परवा संध्याकाळी तिच्या खणापाशी कशाला गेला होता?"

हसू विझलं. "बघायला. नुसतं बघायला. तिची पूड एवढी काय सोन्याची आहे, म्हणून झाकण उघडून वास घेतला. देवाशपथ, पुढे काही नाही."

"दुसऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून वास घेणारा माणूस," दाजी म्हणाले, "मला चोरापेक्षा जास्त किळसवाणा वाटतो. चोर निदान भुकेला असतो. तुमची पूड दाखवा."

कोळसेवाल्यांनी फणकाऱ्याने एका बशीत त्यांची पूड ओतली. मेहुणे वाकून बघायला गेले, नाकात काहीतरी शिरलं, आणि त्यांना सणसणीत शिंक आली.

बशी रिकामी झाली. खोलीत काळा ढग उठला. पिसासारखी पूड तरंगत राहिली, खाली बसायचं नाव घेईना.

"अहो, काय केलंत!" कोळसेवाले किंचाळले. "केवढी हलकी असते ती! द्रवात टाकली तरी तासन् तास तरंगते!"

"तुमच्या कीर्तीपेक्षा जड आहे," दाजी म्हणाले आणि बाहेर पडले.

*

विभागप्रमुखांची खोली म्हणजे दुसरं जग. गालिचा पांढरा, पडदे पांढरे, सरांचे केसही मोजून पांढरे केल्यासारखे. टेबलामागे भिंतभर काचेचं कपाट. त्यात पदकं, ढाली, शाली पांघरलेले फोटो, आणि मधल्या फळीवर, वरून दिव्याचा प्रकाश सोडलेली, पितळी पाटी लावलेली एक छोटी काचेची बरणी. कपाट कसलं, देव्हाराच तो. फक्त देव्हाऱ्यात माणूस देव ठेवतो. इथे मालकाने स्वतःलाच बसवलं होतं, आणि पूजाही स्वतःच बांधली होती.

"मी पाचच मिनिटं देऊ शकेन," सर म्हणाले. "आज बैठक आहे. दुःखद बैठक."

"दुःख इथे फारच स्वस्त झालंय," दाजी म्हणाले. "शेजारीही होतं."

"माझ्याच विभागातली लबाडी मी स्वतः उघडकीस आणली. दुसरा असता तर झाकलं असतं. समितीच्या अध्यक्षांनी माझ्या सचोटीबद्दल कालच दोन शब्द सांगितले."

"दोनच?"

सरांनी ऐकलं नाही असं दाखवलं. "विषय मात्र मी मरू देणार नाही. कोबाल्टच्या उत्प्रेरकाचं हे काम पुढच्या वर्षी मी स्वतः हाती घेणार आहे. स्वच्छ हातांनी."

"ते दिसतच आहेत. हे सगळं आपलं?" दाजींनी कपाटाकडे हनुवटी उचलली.

सरांचा चेहरा उजळला. खोटी नम्रता म्हणजे काय हे शिकायचं असेल तर तो चेहरा बघावा. त्यांनी गळ्यातल्या साखळीतून किल्ली काढली. "किल्ली एकच आहे, आणि ती इथे असते. झोपतानाही. शिपायाला पुसायला देखील देत नाही." कपाट उघडून त्यांनी एक पदक काढलं आणि त्याचा इतिहास सुरू केला. इतिहास लांब होता.

दाजी जांभई देत खिडकीपाशी गेले. मेहुणे मात्र भक्तिभावाने ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचं लक्ष बरणीवर गेलं. पाटीवर कोरलं होतं: 'विभागाचा पहिला नमुना. शुद्ध कार्बन. सरांच्या हातचा.' मेहुण्यांनी बरणी उचलली.

"ठेवा ती खाली!"

पदक गालिच्यावर पडलं. सर अक्षरशः झेपावले. मेहुण्यांनी दचकून बरणी छातीशी घट्ट धरली, जशी आई मोटार अंगावर आली की मूल धरते. मग चाचपडत परत फळीवर ठेवली.

"क्षमा करा हं. नुसती काजळीच आहे ना?"

"ती काजळी नाही! ह्या विभागाचा पाया आहे," सर धापा टाकत म्हणाले. "तेव्हा आमच्याकडे चांगली चाळणीही नव्हती. भरड पूड निघायची, पण हातची होती. शुद्ध. धातूचा कण नाही. आजवर तिला कुणीही हात लावलेला नाही. तुमची पाच मिनिटं संपली."

पदक अजून गालिच्यावरच होतं. सरांनी आधी कपाटाला कुलूप लावलं.

*

बाहेर व्हरांड्यात मेहुण्यांनी कपाळ पुसलं. "काय ओरडला हो! माझ्या काळजाचं पाणी झालं. माझंच काय, त्या काजळीच्याही अंगावर काटा आला."

दाजी चालता चालता थांबले.

"पुन्हा सांगा."

"काय? थट्टा केली मी."

"थट्टा नव्हे, तुम्ही काय पाहिलंत ते सांगा. तुम्हाला थट्टा सुचत नाही, मेहुणे. तुम्ही दिसलं तेच बोलता. म्हणूनच मी तुम्हाला बरोबर ठेवतो."

मेहुणे ओशाळले. "अहो, बरणी छातीशी धरली ना, तेव्हा वाकून पाहिलं तर आतली काजळी उभी राहिलेली. मांजराचे केस फुलतात तशी. ठेवली तशी बसली. चष्म्याचा दोष असेल."

"कुठल्या बाजूला फुलली होती?"

"माझ्याच बाजूला."

दाजींनी मेहुण्यांचा बिल्ला सरळ केला, आणि आज पहिल्यांदाच हसले. हसू चांगलं नव्हतं.

"हा बिल्ला बैठक संपेपर्यंत काढू नका. आंघोळीलाही नाही."

"आंघोळ? आता?"

"चला."

*

बैठक प्रयोगशाळेतच होती, पेटीसमोर खुर्च्या मांडून. समितीच्या अध्यक्ष एक वृद्ध शास्त्रज्ञ बाई होत्या. चेहरा असा की आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तपासून त्यावर सुरकुत्या पडल्या असाव्यात. सून एका कोपऱ्यात उभी होती. सासूबाईंना दाराबाहेर थांबायला सांगितलं होतं. त्या दारात उभ्या होत्या, आणि दार त्यांनी लावू दिलं नव्हतं.

"हे गृहस्थ कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"ह्या मुलीच्या सासूबाईंनी मला नेमलंय," दाजी म्हणाले. "एक तुलना करायची आहे. बाटलीतली पूड साधा कार्बन आहे असं सर म्हणतात. मान्य. पण कुठला कार्बन? ह्या इमारतीत काळ्या पुडीचे दोनच मालक आहेत. एक कोळसेवाले."

"मी नाही!" कोळसेवाले किंचाळले.

"तुम्ही नाहीच. बसा खाली. तुमची पूड शिंकेने उडते आणि द्रवात तरंगते. बाटलीतली पूड टाकल्याबरोबर वाळूसारखी बुडाली. पेटीवाल्यांनी पाहिलंय. तुम्ही फक्त मत्सरी आहात. चोरी करायला जेवढी हिंमत लागते तेवढीही तुमच्यात नाही."

निर्दोष सुटल्याचा आनंद मानावा की अपमान, हे कोळसेवाल्यांना ठरवता येईना. ते बसले.

"चाळणीशिवाय केलेली भरड पूड ह्या इमारतीत एकाच ठिकाणी होती," दाजी म्हणाले. "सर, आपल्या कपाटातली ती बरणी. तिला कुणी हात लावू शकतं का?"

"अशक्य," सर म्हणाले. सवयीने त्यांचा हात साखळीकडे गेला. "म्हणजे... ह्याचा इथे काय संबंध?"

"तिच्यात काय आहे?"

"शुद्ध कार्बन. सकाळीच सांगितलं."

"धातूचा कण नाही?"

सरांनी साखळी आत सारली. मग म्हणाले, "ती ऐतिहासिक वस्तू आहे. ती इथे आणायची गरज नाही."

"मला पाहायची आहे," अध्यक्ष म्हणाल्या. आवाज वाढला नव्हता, पण सरांची किल्ली साखळीतून निघाली. पेटीवाले गेले आणि बरणी घेऊन आले.

"मेहुणे," दाजी म्हणाले, "सकाळसारखी छातीशी धरा."

मेहुण्यांनी बरणी दोन्ही हातांनी धरली आणि बिल्ल्यावर टेकवली.

काचेच्या आत काळी पूड सरसरून उठली. बिल्ल्याच्या दिशेने तिला दाढी फुटली. मेहुण्यांनी बरणी जरा वर नेली. दाढी तिच्याबरोबर चालली.

"अगं बाई!" दारातून सासूबाई म्हणाल्या.

"कार्बन साधू आहे," दाजी म्हणाले. "कोळसेवाल्यांनीच सांगितलं. चुंबक दाखवला तरी साधू जागचा हलत नाही. काल बाटलीतला हलला नाही. मग हा कोण, जो बिल्ला बघून दर्शनाला धावतोय? ह्याच्या अंगात कोबाल्ट आहे. परवा संध्याकाळी सरांनी पेटीवाल्यांना घरी धाडलं. बरणीतला कार्बन मुलीच्या बाटलीत भरला, आणि मुलीची पूड बरणीत."

"कुणीतरी मला अडकवायला..." सरांनी सुरुवात केली.

"किल्ली एकच. झोपतानाही गळ्यात. शिपायालाही देत नाही. आपणच साक्षीदार आहात सर, मी नाही."

"पण मी असं का करीन? माझ्याच विभागाची नाचक्की?"

"नाचक्की कुठे? सत्कार झाला. सचोटीचे दोन शब्द मिळाले. ह्या मुलीने आपल्याला पहिलं नाव दिलं नाही. ती लबाड ठरून गेली की नाव द्यायला उरतं कोण? सकाळी आपण मला म्हणालात, हेच काम पुढच्या वर्षी मी स्वतः करणार. का हो? काम खोटं होतं ना? नासलेलं दूध कुणी तुपाच्या आशेने घरी नेत नाही. दूध चांगलं आहे, हे आपल्याला ठाऊक होतं."

"दाजी," मेहुणे हळूच म्हणाले, बरणी अजून छातीशीच, "पण मग ही फेकून का नाही दिली?"

"फेकली असती तर सुटले असते. पण पुढच्या वर्षी स्वतःच्या नावाने दाखवायला पूड हवी. भट्टीपाशी महिनोन् महिने कोण बसणार? शिवाय बरणी रिकामी दिसली असती. चोराला सापडायची भीती असते. ह्यांना देव्हारा रिकामा दिसायची होती. मेहुणे, मी खुनी पाहिलेत, दरोडेखोर पाहिलेत. पण आपल्याच विद्यार्थिनीची कमाई आपल्या हातची म्हणून पितळी पाटीखाली मांडणारा पहिल्यांदाच पाहिला. ह्याला चोर म्हटलं तर चोरांच्या घरी सुतक पडेल."

अध्यक्षांनी हात वर केला. "भाषण पुरे. चुंबकाने एवढंच कळलं की ह्यात धातू आहे. उत्प्रेरक आहे की नाही हे बाटली सांगेल." त्या सुनेकडे वळल्या. "ये. तुझी पूड, तुझे हात."

सून पुढे आली. आधी तिने पूड निर्वात कप्प्यात सुकवत ठेवली. "ओल राहिली तर ओलीनेही रंग जातो, द्रावण दुधाळ होतं," ती म्हणाली, "मग मलाच विश्वास बसायचा नाही." सगळे थांबले. सर उभेच होते. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मग तिने रबरी मोज्यांत हात घातले. पिवळ्या द्रावणाच्या तीन बाटल्या ओळीने मांडल्या. एकीत काही टाकलं नाही. दुसरीत कालची भरड पूड. तिसरीत बरणीतली. झाकणं लावली आणि तिसरी बाटली हातानेच हलवू लागली, तान्ह्याला जोजवावं तशी.

पेटीच्या पंपाचा तेवढा एकसुरी सूर चालला होता, भजनाआधी कुणी नुसता सूर धरून बसावं तसा.

पहिली बाटली पिवळी. दुसरी पिवळी, जराशी फिकी. तिसरीचा पिवळा रंग आधी लिंबासारखा झाला, मग वाळल्या गवतासारखा, मग तो आहे की आपल्याला भास होतोय असा. मग तोही गेला.

अध्यक्षांनी चष्मा काढून काचेला नाक लावलं. "दुधाळ नाही ना?"

"नाही," सून म्हणाली. "नितळ आहे." आवाज आता ताठ राहिला नव्हता.

"मग आजची बैठक तुझ्याबद्दल नाही," अध्यक्ष म्हणाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. "त्यांच्याबद्दल आहे. कुठे गेले ते?"

सर दाराकडे निघाले होते. दारात सासूबाई होत्या. त्यांनी वाट दिली, पण अंग चोरून; विटाळ होईल अशा बेताने. सरांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्या सरळ पेटीपाशी आल्या.

कोळसेवाले पुढे झाले. "ताई, मला मनापासून आनंद..."

"वास घेऊन झाला का?" दाजी म्हणाले, आणि कोळसेवाले मागे झाले.

सासूबाईंनी काचेवर हात ठेवला. तिसऱ्या बाटलीकडे बराच वेळ पाहिलं. ह्याच्यासाठी पोर रात्री उशिरा यायची, ताटावर बसून भिंतीकडे बघायची, सणावारी घरात नसायची. केवढीशी बाटली ती, बोटाएवढी.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "अगं, ह्याचं तर पाणीच झालं की!"

मेहुण्यांनी श्वास रोखला. दाजींनीही कान टवकारले.

सुनेने मोज्यांतून हात बाहेर काढले. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, सवयीने. मग सासूच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

"हो आई," ती म्हणाली. "पाणीच झालं."